शेंगीची राखण

"सांगतो, पण तुमच्यातल्या एकाचाबी इस्वास बसायचा नाय!" असं म्हणून जनूआबानं मांडीवर थाप मारली, तेव्हा समोर उभ्या नूतनच्या हातात रिकामा पिंजरा होता आणि डोक्यात जाळ.

पिंजऱ्यात शेंगी असायची. शेंगी म्हणजे उंदरासारखा दिसणारा बुटका हॅमस्टर, मुठीत मावेल एवढी करडी मादी. रोह्याच्या कंपनीतल्या मॅडम बदली होऊन गेल्या, तेव्हा त्यांनी ती नूतनला दिली होती. मग नूतनच्या आईचं ऑपरेशन निघालं, आईपाशी पेणच्या दवाखान्यात राहायची वेळ आली, आणि पिंजरा गेला शेजारच्या आबाच्या पडवीत.

"नातीसारखी सांभालतो," आबा छातीवर हात ठेवून म्हणाला होता.

नूतननं त्याच्याकडून सगळं घोकून घेतलं होतं. कांदा द्यायचा नाही. सुकटीचा हात आत घालायचा नाही, वासानं चावते. पाण्यानं आंघोळ घातली तर गारठून मरेल. बशीत कोरडी रेती ठेवायची, तीत लोळून ती स्वच्छ होते. खाडीची रेती खारट म्हणून नूतननं नागोठण्याहून नदीची आणून दिली होती. आणि दाणे ती गालात साठवते, तेव्हा तोंड सुजलं म्हणून घाबरायचं नाही. दवाखान्यात कान्हू रिक्षावाला येता-जाता निरोप द्यायचा, "आबा म्हनतो, उंदीर मजेत हाय."

आज आईला घेऊन ती गावी, कासूला परतली, तर पडवीत पिंजऱ्याचं दार सताड उघडं. तो उचलून ती तशीच तणतणत स्टेशनजवळच्या काळुरामच्या टपरीवर आली. आबा तिथंच सापडायचा.

"आबा, शेंगी कुठं आहे?"

"अगो, ऐक तर! बसून ऐक."

"बसायला नाय आले मी."

बाकावर बसलेली गोदूबाई बशीतला चहा फुंकत म्हणाली, "एका उंदरासाठी किती गो भांडतेस! आमी कनगीखाली सापलं लावतो नि तू पोसतेस."

"तुझी म्हैस कुणी सोडली असती तर गप बसली असतीस, काकी?"

"म्हैस दूध देते."

"मी शेंगीकडं दूध मागितलं नव्हतं!"

कान्हू हसला. नूतननं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं हसू चहाबरोबर गिळलं.

आबानं घसा साफ केला. "काय जनावर ते! माझ्या हातातनं दाने खायाचं. एकेका गालात मूठमूठ भात! तोंड डोक्यापरीस मोठं व्हायाचं."

"आबा, जरा बेतानं फेका!" काळुराम किटली ठेवून हसत सुटला.

"गालाचं खरं आहे," नूतन तुटकपणे म्हणाली. "पिशव्याच असतात तिथं."

आबाचा चेहरा उजळला. नूतनचाही राग क्षणभर ढिला पडला. म्हणजे म्हातारा बघत तरी होता शेंगीकडं.

"आयकलंत?" आबा आता फॉर्मात आला. "तर काल सांजंला ती रेतीत लोलत व्हती. आंघोल चाललेली तिची. दाने टाकाया मी दार उघडलं नि वरनं उतरली धामन! मनगटाएवढी! तिनं शेंगीची मुंडी धरली. मी सोडतो काय? मी धरली शेंगीची शेपटी! तिकडनं ती वडतेय, इकडनं मी. वीतभर शेपूट, हाताला येढा दिला मी त्याचा, तरीबी घामानं निसटलं बघ."

आता कुणी हसलं नाही. धामण घरात शिरते, उंदीर नेते, सगळ्यांनी पाहिलेलं. गोदूबाई "अगो बाय!" म्हणून कळवळली. आबानं डोळ्याला पंचाही लावला.

नूतननं पिंजरा बाकावर आदळला. काळुरामचे ग्लास खणखणले.

"गालाच्या पिशव्या मी सांगितल्या होत्या तुम्हाला. रेतीची आंघोळ मीच सांगितली होती. शेपटाचं तेवढं सांगायचं राहिलं! शेंगीला शेपूट होतं तांदळाच्या कणीएवढं, केसांत दिसायचं पण नाय. वीतभर कुठलं धरलंत, आबा? तुम्ही एकदासुद्धा त्या पिंजऱ्यात डोकावला नाय!"