शनिवारचं तेल

"ब्रेक मारलंय मी, आई. गाडी थांबूकच नाय."

"मारलंस तर थांबूक कशी नाय? पाय खंय होतो तुझो?"

"ब्रेकारच होतो."

नर्मदाने तोंडावरचा अविश्वास झाकला नाही. गाडी शेडमध्ये उभी होती. डावा आरसा तुटून वायरीला लोंबत होता आणि दारावर जांभ्या दगडाचा तांबडा ओरखडा उमटला होता. सकाळी मायलेकी सराव म्हणून देवळाकडच्या उतारावर गेल्या होत्या. श्रावणातली एक सर नुकतीच पडून गेली होती. समोर म्हैस आडवी आली, आकांक्षाने ब्रेक दाबला आणि गाडी शेवाळावरून पाय सरकावा तशी सरकत गेली. कडेच्या दगडी गडग्याला अडली म्हणून बरं. गडग्यापलीकडे ओहोळाची खोल मोरी होती.

घरी येईपर्यंत नर्मदाने तोंड आवरलं होतं, आणि अंगणात पाऊल टाकताच सोडलं होतं. "बापाशीची गाडी नऊ वर्सां मी जपलंय, नि तू एका दिवसात तिची वाट लावलंस."

आकांक्षाची जामसंड्याच्या शाळेत नुकतीच नेमणूक झाली होती. आचऱ्याहून तासाभराचा रस्ता. रोज गाडीने जाऊन संध्याकाळी घरी यायचं, असं ठरलं होतं. ठरवलं नर्मदानेच होतं. घरात दुसरं माणूस नाही, आणि लेक दूर गेली की भिंतींशी बोलायची पाळी येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी जामसंड्यात खोली बघतंय," आकांक्षा शांतपणे म्हणाली. "शाळेतली एक बाई आसा, तिच्यावांगडा रवान. तुझी गाडी हंयच रवांदे." आणि आत जाऊन बॅग भरायला लागली.

त्यानंतर नर्मदाचं बूड एका जागी टेकेना. भाताखालचा गॅस बंद करायला गेली आणि पेटता ठेवून परत आली. नारळ फोडायला घेतला तो तसाच पायरीवर राहिला. दोनदा लेकीच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा मागे फिरली. मनाची अशी तगमग झाली की तिचे हात आपोआप शेडच्या फळीकडे जात. तिथे खोबरेल तेलाची बाटली आणि फडकं असायचं.

तिच्या नवऱ्याने, दत्तप्रसादने, सगळी उमर मालवाहू बोटींवर काढली. निवृत्त झाल्यावर हौसेने गाडी घेतली, चार ठिकाणी फिरवली आणि वर्षाच्या आत तो गेला. बोटीवरच्या माणसाचं एकच तत्त्वज्ञान होतं. "खारो वारो सगळा खाता. तेल लावून ठेवूचा." बिजागऱ्या, कोयता, शिवणयंत्र, सगळ्याला तो तेल लावायचा. त्याच्या मागे नर्मदा दर शनिवारी टायरांनाही लावू लागली. गावाचं शनिवारचं तेल मारुतीला आणि हिचं टायरांना, अशी थट्टाही व्हायची. पण टायर दिसायचे काळे कुळकुळीत. नव्या टायरावर रबराचे बारीक केस असतात ना, त्यांतले काही अजून शाबूत होते.

आज शनिवार नव्हता, तरी तिने फडकं फिरवलं. ते सुळकन सरकलं.

तिचा हात थांबला. पहिल्या वर्षी हेच फडकं टायरावर अडकायचं. ओढलं तर दोरे निघायचे, आणि ती टायराला शिव्या घालायची. कधीपासून सरकायला लागलं? तिने अंगठ्याचं नख दाबलं. नख वाकलं, टायर नाही.

ती तशीच उठली आणि शेजारच्या अंगणात गेली. तिथे सुदेशची रिक्षा उभी होती. रिक्षाच्या टायरात नख रुतलं, आणि खूण हळूहळू भरून आली.

"काय गे काकी, रिक्षा इकत घेतस की काय?" सुदेश चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"तुझो टायर नवो?"

"खंयचो नवो? झिजान बदलूक इलो."

"मगे ह्येच्यात नख रुतता नि माझ्यात कित्या नाय?"

सुदेशने कप कठड्यावर ठेवला. शेडमध्ये येऊन मोबाइलचा उजेड टायराच्या खाचांत पाडला. आत केसाएवढ्या भेगा होत्या. मग त्याने कडेचा चार आकडी नंबर दाखवला. "पयले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्साचे. धा वर्सां होऊन गेली, काकी."

"गाडी घेऊन नऊच झाली."

"गाडी तेव्हा घेतलास. टायर त्याच्या आदी झालेलो."

"पण चललेच नाय ते. नक्षी बघ, तशीच आसा."

"नक्षी आसा, रबर खंय आसा? कडक झाला. ओल्या रस्त्यार धरनत नाय. माझे टायर झिजान मरतत, तुझे बसान मेले." त्याने मोबाइलचा उजेड बंद केला. "पाच-सा वर्सां झाली की दरवर्साक दाखवूचे, धा झाली की नक्षी बघूची नाय, काढूचे."

"आणि तेल?"

"रबराक तेल चलना नाय. मागे एकदा सांगलेलंय तुका. म्हयनोभर माझ्याशी बोलूक नाय तू."

नर्मदाला ते आठवलं. मग सकाळ आठवली. म्हैस, उतार, गडगा. गडगा दोन हात अलीकडे संपला असता तर? ज्या टायरांना ती नऊ वर्षं देवासारखं जपत होती, त्यांनी आज तिची एकुलती लेक नेली असती. आणि ती मात्र लेकीच्या पायाचा जाब विचारत बसली होती.

आकांक्षा बॅगेत साड्या रचत होती. नर्मदा उंबऱ्यावरच उभी राहिली.

"बाय, तुझो पाय बरोबर होतो."

आकांक्षा साडीची घडी घालत राहिली.

"टायर मेलेले. माका समाजला नाय. वर तुकाच बोललंय."

"बाबांचे टायर तू काढतलंस?" आकांक्षाने विचारलं.

"पाचय काढतलंय. स्टेपनीसकट."

"म्हणजे मी खोली बघू नको, असाच ना?"

"खोलीचा तुझा तू ठरव. पण त्या टायरांर तुका मी सोडूचंय नाय."

सोमवारी आकांक्षा एसटीने शाळेत गेली आणि सुदेशने नवे टायर चढवून आणले. जुने त्याच्या भावाने होडीच्या कडेला बांधायला मागून नेले. टेंपोत पाचवा टायर चढवताना नर्मदाने त्याच्यावरून एकदा हात फिरवला. स्टेपनी ती. तिने रस्ता कधी पाहिलाच नव्हता. हात तेलकट झाला, तो तिने पदराला पुसला.

मंगळवारी आकांक्षाने गाडीची किल्ली उचलली. नर्मदा छत्री घेऊन मागोमाग उताराच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पाऊस भुरभुरत होता. खालच्या वळणावर एसटी एकदम समोर आली. गाडीचे मागचे लाल दिवे लागले आणि गाडी होती तिथे थांबली. एसटी गेली. गाडी वळणाआड झाली तरी नर्मदा तिथेच होती. आचऱ्याची अर्धी माणसं तिला "खंय गो?" विचारून गेली.

खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. दर संध्याकाळी गाडी शेडमध्ये येऊन उभी राहू लागली.

शनिवारी शाळा अर्धीच होती. आकांक्षा जेवून झोपली आणि नर्मदाचा हात सवयीने फळीवर गेला. फडकं घेऊन ती टायरापाशी टेकली. टायर काळा नव्हताच. जामसंड्यापर्यंतचा तांबडा चिखल खाचाखाचांत भरला होता, आणि रबराचे ते बारीक केस एका आठवड्यात झडून गेले होते.

थोडा वेळ ती बघत बसली. मग तो चिखल तसाच राहू देऊन उठली, आणि तेलाची बाटली घेऊन मारुतीच्या देवळाकडे चालू लागली.