बस चॅपलची, ड्रायव्हर क्लबचे

दर गुरुवारी दुपारी ब्रॅकनशॉमधल्या सगळ्या स्वयंसेवी मंडळांना माझं वार्तापत्र जातं. वर नोकऱ्या, मध्ये निधी, खाली गावच्या बातम्या. कुठे अर्धवेळ हिशेबनीस हवाय, कुठला ट्रस्ट कशाला पैसे देतोय, कुणाच्या अंगणात रविवारी जुन्या पुस्तकांची विक्री आहे. मंडळांनी मजकूर पाठवायचा आणि मी तो नीटनेटका करून पुढे धाडायचा, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. नोकरी धरताना मलाही वाटलं होतं.

त्या वर्षी हिवाळा सरल्यापासून शेवटच्या पानावर दोन मजकूर एकाखाली एक यायला लागले. पहिला रोझ स्ट्रीट चॅपलचा, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चचा: ज्येष्ठांच्या मंगळवारच्या जेवणासाठी मिनीबस चालवणारे स्वयंसेवक तातडीने हवेत, बस आमची, व्हीलचेअर चढवायची सोय आहे. त्याच्या खालचा बोलिंग क्लबचा: ज्येष्ठांच्या शुक्रवारच्या जेवणासाठी मिनीबस हवी, चालवणारे आमचे, सगळे अनुभवी. चॅपल आणि क्लब यांच्यामध्ये एक पोस्ट ऑफिस आणि एक चिप्सचं दुकान, एवढंच अंतर. तरी दर आठवड्याला दोन्ही मजकूर तसेच्या तसे यायचे, आणि मी ते तसेच्या तसे छापायचे.

पूर्वी हे जेवण एकच होतं. चॅपलच्या हॉलमध्ये एडना क्रॉशॉ स्वयंपाकघर सांभाळायची, तिचा नवरा वॉल्टर बस चालवायचा आणि वॉल्टरचा शाळेपासूनचा दोस्त क्लिफर्ड ऑग्डन खुर्च्या मांडायचा, गप्पा मारायचा, सगळ्यांना हसवायचा. मग क्लिफर्डच्या डोक्यात आलं की जेवणानंतर आकडे पुकारून बिंगो खेळावा. चॅपलच्या छपराखाली जुगार चालत नाही, असं एडनाने सांगितलं. क्लिफर्ड म्हणाला, बक्षीस बिस्किटांच्या डब्याचं आहे, त्यात कसला आलाय जुगार. शेवटी तो निम्मी माणसं घेऊन बोलिंग क्लबात गेला. तिथे बिंगोही होता आणि बिअरही. वॉल्टर बिचारा चॅपलची बस चालवत राहिला. गेल्या शरदात तो वारला, तेव्हापासून बस चॅपलच्या मागे उभी होती. क्लबची जुनी बस तर तपासणीत नापास होऊन कधीच भंगारात गेली होती.

मी दोघांनाही फोन केले. एडनाला म्हटलं, मिसेस क्रॉशॉ, तुमच्या मजकुराच्या खालचा मजकूर वाचा. तिने आपला छापून आलाय की नाही तेवढंच बघते म्हणून सांगितलं. क्लिफर्डला तेच सुचवलं, तर म्हणाला, वार्तापत्र सगळ्या गावाला जातं, तिलाही जातं, तिने वाचावं आणि यावं. मी फोन ठेवला आणि दोन्ही मजकूर पुन्हा एकाखाली एक लावले.

मेमध्ये एका मोठ्या ट्रस्टची घोषणा आली. ज्येष्ठांच्या प्रवासासाठी निधी मिळणार होता, अट एकच: दोन संस्थांनी मिळून अर्ज करायचा. ती माहितीपत्रिका मी दोनदा वाचली. भागीदारी हा शब्द प्रत्येक परिच्छेदात होता. आमचा प्रमुख क्रिस्पिन म्हणाला, ब्रायनी, ही तुझ्यासाठीच आहे. मी दोघांना आमच्या कार्यालयात बोलावलं, आणि पैशाचं नाव काढल्यामुळे दोघंही आले.

एडना कोट न काढता बसली. क्लिफर्ड तिच्या समोर बसला आणि खिडकीबाहेर बघू लागला. मी अर्जातले प्रश्न वाचत गेले, त्यांनी मला उत्तरं द्यायची. एकमेकांना एक शब्द नाही.

"बसच्या चाव्या कुणाकडे राहणार?" एडनाने मला विचारलं.

"चालवणाऱ्याकडे. सांग तिला," क्लिफर्ड मला म्हणाला.

"म्हणजे वॉल्टरच्या जागेवर हा बसणार. वॉल्टरला पोचवायलासुद्धा आला नाही हा माणूस."

क्लिफर्डने तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "मी दफनभूमीच्या फाटकापाशी उभा होतो, एडना. तुझ्या बहिणीने सांगितलं, आत फक्त घरचे. मी घरचा नव्हतो, कबूल. सगळं होईपर्यंत तिथेच थांबलो आणि घरी गेलो."

एडना उठली. आपल्याला हे कुणी सांगितलं नाही, असं काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली. मला वाटलं होतं, आता काहीतरी हलेल. काही हललं नाही. अर्जावर दोघांनी सह्या केल्या, पण वेगवेगळ्या दिवशी येऊन, आणि दोघांनीही जाताना बजावलं की ही सही फक्त कागदापुरती आहे. अर्ज गेला. पुढच्या गुरुवारी दोन्ही मजकूर पुन्हा आले. मी वैतागून त्यांच्यामधली रेघ काढून टाकली. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मग फिलिस एंटविसलचा फोन आला. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. वर मूरसाइडला, चढावरच्या घरांत ती एकटी राहायची.

"गुरुवारचं पत्र काढणारी तूच ना, पोरी?" तिने विचारलं. "मग लिहून घे. बातमी द्यायचीय."

मी लिहून घेतलं. 'मूरसाइडच्या फिलिस एंटविसल मेलेल्या नाहीत. वृद्धाश्रमातही गेलेल्या नाहीत. त्या ऑक्टोबरपासून आपल्या घराच्या खिडकीत व्हीलचेअरवर बसून आहेत. कारण गावात एक बस आहे आणि ती चालवणारी माणसंही आहेत, पण बसवाल्यांना आणि चालवणाऱ्यांना एकमेकांची तोंडं बघवत नाहीत. गेल्या मंगळवारी फिलिस यांनी टोस्टवर बीन्स खाल्ले. त्याच्या आदल्या मंगळवारीही तेच.'

मी तिला समजावायला लागले की असं कुणाबद्दल छापता येत नाही. ती म्हणाली, मी नाव फक्त माझंच घेतलंय. मी म्हटलं, हा तक्रारीचा सूर आहे, बातम्यांचा स्तंभ वेगळा असतो.

"अंगणात जुनी पुस्तकं विकायला काढली ती बातमी," फिलिस म्हणाली, "आणि मला कपाटात ठेवून दिली ती बातमी नाही?"



क्रिस्पिनला मजकूर दाखवला. त्याने कपाळाला हात लावला. आपण सगळ्या मंडळांचे आहोत, कुणाची बाजू घेऊ शकत नाही, म्हणाला. मी म्हटलं, फिलिस कुठल्याच मंडळाची नाही, म्हणजे ती कुणाचीच नाही का? तो म्हणाला, तसं नाही, पण ट्रस्टचा निकाल येईपर्यंत थांबू, उगाच वातावरण बिघडायला नको. गेले कित्येक महिने मी वातावरण सांभाळत होते, आणि त्या वातावरणात ती बाई बीन्स खात बसली होती. गुरुवारी मी तिचा मजकूर बातम्यांत सगळ्यात वर टाकला. एक शब्दही बदलला नाही.

संध्याकाळपर्यंत क्लबच्या समितीची लेखी तक्रार आली. सकाळी चॅपलचीही आली. दोन्ही पत्रं इतकी सारखी होती की एकमेकांना दाखवून लिहिली असावीत असं वाटलं. क्रिस्पिनने मला खोलीत बोलावून सांगितलं की याची नोंद माझ्या फायलीत होईल. मी म्हटलं, होऊ दे. मनातून घाबरले होते. आमच्या नोकऱ्या वर्षावर्षाच्या असतात, आणि फायलीतली नोंद मार्चमध्ये करार वाढवताना कुणाला तरी बरोबर आठवते.

जेवणाच्या सुट्टीत एडना आली. टोपी, हातमोजे, सगळा जामानिमा. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुरू होणार. पण ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि विचारलं, "खरं आहे का ते? फिलिस घरीच आहे?"

मी हो म्हटलं.

"ती मुलीकडे गेली असं ऐकलं होतं मी. साउथपोर्टला."

कुणी सांगितलं, ते तिला आठवेना. बस बंद झाल्यावर एकेक जण यायचा थांबला, आणि प्रत्येकाची कुठेतरी सोय झाली असेल असं तिने धरून टाकलं. घरी वॉल्टर नाही, हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या. कुणाला फोन करून विचारावं इतकं त्राण तिच्यात नव्हतं. हे ती मला सांगत नव्हती, स्वतःलाच समजावत होती. मी माझ्या गाडीतून तिला वर मूरसाइडला नेलं.

दार उघडंच होतं. फिलिस खरोखर खिडकीत बसलेली होती. आम्ही गाडी लावली तेव्हापासून बघत असणार. बारीक चणीची, पांढरे केस कातरलेले, गुडघ्यांवर शाल.

"थांबायचं नसेल तर कोट काढू नकोस," ती एडनाला म्हणाली.

एडनाने कोट काढला. मग बराच वेळ ती वॉल्टरबद्दल बोलत राहिली. बसचं दार उघडलं की अजून त्याच्या तंबाखूचा वास येतो, त्याचे गाडी चालवायचे हातमोजे पुढच्या काचेपाशी तसेच आहेत, दुसरं कुणी तिथे बसलेलं आपल्याला बघवणार नाही. फिलिसने सगळं ऐकून घेतलं.

"वॉल्टर तुझा नवरा होता, मान्य," ती म्हणाली. "पण त्याच्याबरोबर माझा मंगळवारही गेला, एडना. त्याबद्दल मला कुणी दोन शब्द बोलायला आलं नाही."

मी एडनाला परत खाली आणलं. चॅपलपाशी उतरताना तिने पर्समधून चाव्या काढून माझ्या हातात ठेवल्या. मी देणार नाही, तू दे, म्हणाली. मी तशीच क्लबात गेले. क्लिफर्डने चाव्यांकडे बघितलं आणि हात मागे घेतला. तिने आणून द्याव्यात, म्हणाला. माझा संयम तिथे संपला. मी चाव्या बारच्या फळीवर, बिअरच्या नळाशेजारी टाकल्या आणि म्हटलं, मिस्टर ऑग्डन, या इथे आहेत, घ्या नाहीतर ग्लास धुवायच्या पाण्यात टाका. आणि बाहेर पडले.

त्याने घेतल्या. त्यापुढे चॅपलच्या विम्यात त्याचं नाव घालायला जो वेळ गेला, त्याबद्दल मी बोलायचं टाळते. विमा कंपनीच्या बाईने मला विचारलं की चालक आणि वाहनमालक यांचं नातं काय. मी सांगितलं, गुंतागुंतीचं.

अखेर जूनमधल्या एका मंगळवारी बस निघाली. व्हीलचेअर चढवायला सोबत माणूस लागतं, ते मीच झाले. क्लिफर्डने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वॉल्टरचे हातमोजे काचेपाशी होते तिथेच होते. वळणावर ते घसरायला लागले की तो एका हाताने सावरून धरायचा. मूरसाइडला फिलिसला चढवताना उचलफळी अर्ध्यात अडकली, आणि ती हवेत तरंगत आम्हा दोघांची अक्कल काढत राहिली. शेजारच्या बायका बाहेर येऊन बघत होत्या. फळी वर गेल्यावर तिने खिडकीची जागा मागितली. मी म्हटलं, इतके महिने खिडकीतच होतात ना तुम्ही? ती म्हणाली, ती खिडकी हलत नव्हती.

हॉलच्या दारात एडना एप्रन लावून उभी होती. आत मांस-बटाटा भरून भाजलेल्या 'पाय'चा खमंग वास सुटला होता. क्लिफर्डने फिलिसची खुर्ची उंबऱ्यापर्यंत ढकलत आणली आणि तिथेच थांबला. एडनाने फिलिसला आत घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला विचार, जेवणार का."

तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

"तुमचं तुम्ही विचारा," मी म्हटलं. "मला भूक लागलीय."

मी आत जाऊन फिलिसशेजारी बसले आणि लाल कोबीचं लोणचं वाढून घेतलं. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. मग एडना काहीतरी बोलली, काय ते कळलं नाही, आणि पलीकडच्या टेबलाची एक खुर्ची मागे ओढल्याचा आवाज झाला. फिलिस म्हणाली, 'पाय'मध्ये मीठ कमी आहे.

तेव्हापासून बस मंगळवारी चॅपलला येते आणि शुक्रवारी क्लबला जाते. एडना आणि क्लिफर्ड बोलतात, पण फक्त डिझेलबद्दल आणि टायरमधल्या हवेबद्दल. वॉल्टरच्या थडग्यावर दोघंही जातात, एकत्र नाही.

ट्रस्टचं उत्तर ऑगस्टमध्ये आलं. अर्ज नामंजूर. कारण असं दिलं होतं की हा निधी नव्याने सुरू होणाऱ्या भागीदारीसाठी आहे आणि आमच्या चौकशीनुसार तुमची भागीदारी आधीच उत्तम चालू आहे. मी ते पत्र क्रिस्पिनला वाचून दाखवलं. त्याने माझ्याकडून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं, जणू त्याच्या डोळ्यांसमोर वेगळं काही निघणार होतं. खाली आणखी एक परिच्छेद होता. आमची गोष्ट इतर गावांना प्रेरणा देणारी असल्याने ट्रस्टच्या वार्षिक अहवालात ती छापायची होती, आणि त्यासाठी दोन्ही संस्थांच्या प्रमुखांचा बसपाशी हात मिळवतानाचा फोटो हवा होता.

"विचारून तर बघ त्यांना," क्रिस्पिन म्हणाला.

मी विचारलं नाही. गुरुवार होता, आणि मला नोकऱ्यांचा स्तंभ भरायचा होता.