एकोणीस नोव्हेंबर, टेक सातवा

रोज सकाळी साडेसातला रेडिओवर तीन मिनिटांचा एक कार्यक्रम लागायचा. आज कोणत्या गायकाचा वाढदिवस, कोणत्या वादकाचा, आजच्या तारखेला कोणतं गाणं कुठल्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं, एवढंच त्यात असायचं. लिहायचे आणि वाचायचेही एकच गृहस्थ. सव्वीस वर्षं. सगळं केंद्र त्यांना कॅलेंडरकाका म्हणायचं. बायको चिडली की तीही तेच म्हणायची, कारण स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस त्यांच्या कधी लक्षात राहिला नव्हता.

काका आता थकले होते. मार्चमध्ये निवृत्ती होती. नोंदवहीची पानं तीनशे पासष्ट, आणि तीच सव्वीस वेळा फिरून आली की जगात नवीन काही घडतं यावरचा माणसाचा विश्वास उडतो. बावीस मेला तोच ट्रम्पेटवाला पुन्हा जन्मायचा, तेवीसला तेच गाणं पुन्हा चौदा टेकनंतर पास व्हायचं. काका वाचायचे, गार झालेला चहा प्यायचे आणि उद्याचं पान काढायचे.

त्यात एकोणीस नोव्हेंबरचं पान त्यांना त्यातल्या त्यात जवळचं. त्या दिवशी एका गाणाऱ्या बाईंचा वाढदिवस. बाईंनी आयुष्यभर कोरसमध्ये मागच्या रांगेत उभं राहून आवाज दिला होता. एकटीचं असं गाणं एकच, वयाच्या बाविसाव्या वर्षी गायलेलं. पण ते असं की, भांडी घासणाऱ्यापासून शस्त्रक्रिया करणाऱ्यापर्यंत सगळे गुणगुणत. कार्यक्रम संपला की काका स्वतः त्यांना फोन लावत.

"बाई, वाढदिवसाच्या शुभेच्छा."

"आठवण ठेवता. आभारी आहे," बाई म्हणत आणि फोन ठेवत. थोर माणसं कमी बोलतात, असं काका घरी सांगत.

यंदा बाईंना पंचाहत्तर पुरी होत होती. केंद्रप्रमुखांनी बेत मोठा आखला. बाईंना स्टुडिओत आणायचं, शाळेतल्या मुलांकडून त्यांचं गाणं म्हणून घ्यायचं, केक कापायचा, श्रोत्यांचे फोन थेट जोडून द्यायचे. आठ दिवस आधीपासून जाहिरात सुरू होती. बाईंनी सुनेमार्फत "बरं" एवढाच निरोप पाठवला होता.

सतरा तारखेला दुपारी ध्वनिमुद्रण विभागातली मुलगी काकांच्या टेबलाशी आली. बंद पडलेल्या एका रेकॉर्ड कंपनीच्या टेपा केंद्राकडे पडून होत्या, त्या संगणकावर उतरवून घ्यायचं काम तिच्याकडे होतं.

"काका, तुमच्या बाईंची टेप सापडली. सगळे टेक आहेत. या ऐकायला, नाहीतर म्हणाल, मला विचारलं नाही."

तिच्या खोलीत दोन खुर्च्या मावत नव्हत्या, म्हणून ती खोक्यावर बसली. जुन्या टेपेचा आंबूस वास सुटला होता. तिनं एक हेडफोन काकांच्या कानावर चढवला, दुसरा स्वतः घातला. आधी खरखर, मग तंत्रज्ञाचा कंटाळलेला आवाज: एकोणीस नोव्हेंबर, टेक पहिला.

"वाढदिवशीच रेकॉर्डिंग," काका म्हणाले. "आणि मी सव्वीस वर्षं या गाण्यापुढे 'तारीख उपलब्ध नाही' लिहितोय."

"म्हणजे केक खाऊनच आल्या असतील."

पहिल्या टेकला व्हायोलिन उशिरा उठली. दुसऱ्याला कुणाची तरी खुर्ची करकरली. तिसरा, चौथा, पाचवा असेच गेले. सहावा स्वच्छ होता, पण क्लॅरिनेट फार पुढे येतोय, असं संगीत बसवणाऱ्यानं सांगितलं. टेप बंद केली नव्हती. दार उघडल्याचा आवाज आला. कुणी म्हणालं, बाईंच्या घरून माणूस आलाय. चपलांचा आवाज. मग माइकपासून दूर, हळू आवाजात दोन शब्द: आई गेली.

बराच वेळ नुसती खरखर. मुलीनं काकांकडे पाहिलं. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"बाई, आज थांबू या," संगीत बसवणारा म्हणाला.

"किती माणसं आहेत आत?" हा आवाज बाईंचा.

"सतरा."

"सतरा जण पुन्हा एका दिवशी कधी जमायचे. घ्या."

टेक सातवा.

गाणं काकांना पाठ होतं. तिसऱ्या कडव्याआधी बाई क्षणभर थांबतात, तालाच्या किंचित मागून येतात. नोंदवहीत काकांनीच लिहिलं होतं: तिसऱ्या कडव्याआधीचा खोडकर विराम ही या गाण्याची गंमत. हे वाक्य त्यांनी सव्वीस वेळा रेडिओवर वाचलं होतं. आधीच्या सहा टेकमध्ये तो विराम कुठेच नव्हता.

मुलीनं हेडफोन काढला. "काका, हा त्यांचा वाढदिवस नसेल. सात टेकमध्ये एकानंही शुभेच्छा दिल्या नाहीत."

"असतात योगायोग," काका म्हणाले. पण बोलता बोलताच त्यांनी हेडफोन काढून ठेवला. ते तडक कार्डांच्या कपाटाकडे गेले.

चूक कुठे झाली? चूक झाली रंगात. त्या कंपनीची कार्डं दोन रंगांची. पांढरं कार्ड रेकॉर्डिंगचं, पिवळं कलाकाराच्या माहितीचं. दोन्हींच्या उजव्या कोपऱ्यात दिवस आणि महिना लिहिलेला. पांढऱ्यावर असेल तर तो रेकॉर्डिंगचा, पिवळ्यावर असेल तर जन्माचा. नोकरीला लागल्यावर काकांनी एका उन्हाळ्यात आठशे कार्डं वहीत उतरवली होती. बाईंचं कार्ड पिवळं होतं, वर फक्त त्यांचं नाव, कोपऱ्यात १९/११. काकांनी तारीख जन्माच्या रकान्यात लिहिली आणि पुढचं कार्ड घेतलं.

आज त्यांनी ते उलटून पाहिलं. मागे सतरा वादकांची नावं होती आणि प्रत्येकापुढे वाद्य. त्याच खणातली त्या वर्षीची बाकीची कार्डं काढली. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत एकही पांढरं नव्हतं. छापलेली पांढरी संपली असणार, कारकुनानं हाताशी आलं ते पिवळं वापरलं. त्या महिन्यांतली बाकीची चार गाणी सिनेमाची होती, कार्डावर वर सिनेमाचं नाव होतं, म्हणून ती चुकली नाहीत. हे एकच चुकलं. ज्या तारखेसाठी काका सव्वीस वर्षं जुनी मासिकं चाळत होते, ती शेजारच्याच रकान्यात बसलेली होती.

काखेत कळसा म्हणतात तो असा. काका खुर्चीत बसले ते दिवे लागेपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळचा कार्यक्रम वाचून ते बाईंच्या घरी गेले. तिसरा मजला, वाटेत दोनदा थांबावं लागलं. दार सुनेनं उघडलं. ती घरी शिवणकाम करायची, गळ्यात मापाची पट्टी होती.

"या ना. आईंचे उद्याचे कपडे आत्ताच इस्त्री केले. नातवानं शाळेत सुटी मागितली आहे. मुलांचं गाणं नीट बसलंय ना?"

काका चपला काढून आत आले. बाई खिडकीशी बसून बटणं रंगाप्रमाणे डब्यांत लावत होत्या.

"तुम्ही होय कॅलेंडरवाले?" त्या म्हणाल्या. "फोनवर चांगले गुटगुटीत वाटता. प्रत्यक्षात काडी आहात. बसा."

जिन्यात जुळवलेली वाक्यं दाराशीच सांडली होती. काकांनी पिवळं कार्ड बटणांच्या शेजारी ठेवलं.

"बाई, माझी चूक झाली. ही तारीख रेकॉर्डिंगची आहे. मी जन्माची म्हणून लिहिली. काल टेप ऐकली. सगळी."

बाईंनी कार्ड हात लांब करून वाचलं. उलटलं. मागच्या नावांवरून एकेक बोट फिरवत गेल्या. "हा क्लॅरिनेट," त्या म्हणाल्या, "स्वभावानं गरीब, पण वाजवायला लागला की सगळ्यांच्या पुढे. ऐकायचाच नाही."

सून मध्येच म्हणाली, "थांबा जरा. आई, उद्या तुमचा वाढदिवस नाही?"

"नाही."

"मग इतकी वर्षं मी काय करत होते?"

"छान करत होतीस. मला दर वर्षी नवे कपडे मिळाले."

"अहो, पण सांगायचं तरी."

"कुणाला? रेडिओनं सांगितल्यावर माझं कोण ऐकणार होतं? मी एकदा तुझ्या नवऱ्याला म्हटलं, अरे, ती तारीख माझी नव्हे. तर म्हणतो, आई, तू विसरली असशील, त्यांच्याकडे रेकॉर्ड असतं."

सुनेला हसू आलं आणि लगेच ते आवरावंही लागलं, कारण समोरचा पाहुणा खाली मान घालून बसला होता.

"मला तरी सांगायचंत," काका म्हणाले. "पहिल्याच वर्षी."

"सांगणारच होते. पण तुम्ही इतक्या उत्साहात होता. म्हटलं, नवा माणूस आहे, हिरमोड कशाला. दुसऱ्या वर्षी सांगायचं म्हणजे पहिल्या वर्षी का नाही सांगितलं, तेही सांगायला हवं. चूक पहिल्या वर्षी पाहुणी असते हो. पुढे तिची चप्पल दाराशी दिसली नाही, तर आपणच विचारतो, कुठे गेली म्हणून."

"राग नाही आला?"

बाईंनी एक काळं बटण निळ्यांतून उचलून काळ्यांत टाकलं. "यायचा. तुमच्या फोनला नाही, दुपारी यायचा. सकाळी तुम्ही, मग तुमचं ऐकून वर्तमानपत्रवाले, मग शेजारी. आईची आठवण काढत बसावं, तर दारात फुलं घेऊन कुणीतरी उभं. संध्याकाळी हसून हसून गाल दुखायचे. मग देवाला सांगायची, बाबा रे, तिला निरोप दे, मुलगी कामात आहे म्हणावं. त्या दिवशीही कामातच होती."

सुनेनं गळ्यातली पट्टी काढली आणि गुंडाळायला लागली. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच राहिली.

"आणि तो खोडकर विराम," बाई म्हणाल्या.

"ते मी लिहिलंय."

"ठाऊक आहे. दर वर्षी ऐकते. पुढची ओळ आठवेना, एवढंच झालं होतं."

काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. तो पुसण्याइतका मळला नव्हता. "उद्याचं काय करू, सांगा. म्हणाल तसं करतो."

"मी येणार नाही. दमले मी. एक दिवस गप्प बसू द्या. गाणं लावा, ते तिला ऐकायला मिळालं नाही. आणि ही मागची नावं वाचा. मी गायले म्हणून सगळे मला नावाजतात. ते सतरा जण नुसते थांबले होते, एकानं घड्याळ बघितलं नाही."

"वाचतो. आणि बाई, तुमची खरी तारीख? वहीत दुरुस्ती करायची तर—"

"ती राहू दे माझ्यापाशी. हिच्या सासऱ्यांना ठाऊक होती, आता मला एकटीला ठाऊक आहे. तुमच्या वहीत गेली की तिलाही फोन यायला लागतील."

केंद्रप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोकं धरलं. "आठ दिवस जाहिरात केली. मुलं तयार आहेत. काका, हा एक दिवस जाऊ दे, चूक परवा सांगा. मार्चमध्ये तुम्ही निघालात की पुढचा माणूस वहीवर कसा विश्वास ठेवील? आठशे नोंदी आहेत तुमच्या."

"आठशेही पुन्हा तपासतो. मार्चपर्यंत होतील."

"श्रोते वाढदिवसाला फोन करतात, चुकीला नाही करत."

"साहेब, त्या येणार नाहीत. मी उद्याचं पान लिहिलंय. वाचू नका म्हणालात, तर पान इथेच ठेवून जातो. पण मग दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, मला ते जुनं वाचता यायचं नाही."

साहेबांनी पान घेतलं, वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग शाळेचा नंबर शोधायला लागले.

एकोणीसला साडेसातला, सोहळ्यासाठी राखून ठेवलेल्या वेळात, काकांनी दोन वाक्यांत चूक सांगितली. ही तारीख बाईंच्या जन्माची नाही, गाण्याच्या रेकॉर्डिंगची आहे. सव्वीस वर्षं चुकीचं सांगितलं, ते माझ्या हातून झालं. आईचा उल्लेख त्यांनी केला नाही, तो त्यांचा नव्हता. मग सतरा नावं वाद्यांसकट वाचली. क्लॅरिनेटच्या नावाशी थांबून पाण्याचा घोट घेतला. मग गाणं लागलं, सातवा टेक. विरामाबद्दल काही बोलले नाहीत.

स्टुडिओतून बाहेर आल्यावर सवयीनं हात फोनकडे गेला. चार आकडे फिरवूनही झाले होते. काकांनी फोन खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

आठ वाजल्यापासून केंद्राचे फोन वाजायला लागले. एक आजोबा म्हणाले, चूक तुम्ही आज करताय, माझ्या वहीत अठरा वर्षांपूर्वी तुम्हीच सांगितलेलं लिहिलंय. एक बाई म्हणाल्या, वाढदिवस नसला तरी आमच्या शुभेच्छा पोचवा. दोन वर्तमानपत्रांत बाईंचा फोटो आणि अभीष्टचिंतन आधीच छापून आलं होतं. दुसऱ्या एका रेडिओवाल्यांनी तर संध्याकाळी तासभर कार्यक्रम केला. काकांनी एकेकाला समजावून सांगितलं. दुपारपर्यंत आवाज बसला, मग ते नुसतं "हो, हो" म्हणायला लागले.

वीस तारखेला सुनेचा फोन आला.

"काल एकतीस फोन आले," ती म्हणाली. "फुलंवाले वेगळे. शेजारच्या काकू केक घेऊन आल्या, परत कसा पाठवायचा, म्हणून खाल्ला."

"म्हणजे काहीच उपयोग झाला नाही," काका म्हणाले.

"आईंनी निरोप दिलाय. म्हणाल्या, कॅलेंडरवाल्यांना सांग, तुमचा फोन आला नाही. गाणं संपल्यापासून आठ वाजेपर्यंत घरात अगदी शांत होतं. कडी लावून बसल्या होत्या. वीसेक मिनिटं मिळाली म्हणाल्या."

"बरं," काका म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी वही काढली, एकोणीस नोव्हेंबरचं पान उघडलं. रेकॉर्डिंगच्या रकान्यात तारीख लिहिली, खाली सतरा नावं. जन्माच्या रकान्यातली ओळ पट्टी लावून खोडली आणि पुढची जागा कोरी सोडली. खोडकर विरामाचं वाक्यही खोडलं. मग खणातून आठशेंपैकी पहिलं कार्ड काढलं आणि आधी उलटून पाहिलं.