बासरी कुठं उभी राहते

"बोंडातला कापूस गं, कापसाची वात,
दोघींच्या मधी बाई, निजली माझी रात."

सासूबाईंचा तो आवाज शकुबाईला अजून जसाच्या तसा ऐकू यायचा. वच्छलाबाई जात्याच्या या अंगाला बसायच्या, त्यांची जाऊ त्या अंगाला. अर्धी ओवी इकडून उठायची, उरलेली तिकडून यायची, आणि मध्ये पीठ सांडत राहायचं. नवी नवरी शकुबाई सूप हातात धरून तशीच थांबायची. आता त्या दोघीही नव्हत्या. पण पुंडलिकराव, शकुबाईचा नवरा, विषय निघाला की म्हणायचा, "मी लहानपणी दोघींच्या मधी निजो. ओवी माह्या डोक्यावरून इकून तिकडं जाये. पाखरू जाते तशी."

ते पाखरू पुन्हा सापडावं म्हणूनच अडुसष्ट साली त्यांच्या यवतमाळच्या घरात स्पीकरच्या दोन पेट्या आल्या. एक दाराशी, एक खिडकीशी. मध्ये तबकडी फिरवणारं यंत्र आणि त्याला जोर देणारा अँप्लिफायर. तो रामसिंगनं स्वतः जोडून दिला होता. रामसिंग राळेगावकडच्या तांड्यावरचा, यवतमाळात रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं पहिल्या दिवशी समजावलं होतं, "दादा, हे स्टिरिओ हाय. बरोबर मधात बसा. सारंगी दारापाशी वाजंन, बासरी खिडकीपाशी. डोळे मिटले का वाजवणारे समोर बसले दिसतीन."

शकुबाई बसली, डोळे मिटले, आणि खरंच दिसले. सारंगीवाला उंबऱ्याजवळ मांडी घालून बसलेला, बासरीवाला खिडकीच्या गजाला टेकून उभा. तिला हसूच आलं. हे दोघं घरात शिरले कधी?

पुंडलिकराव बसला. तबकडी संपेस्तोवर बसला. मग म्हणाला, "सगळं एकाच जागी गोळा होऊन वाजते. भिंत वाजल्यासारखं."

हे असं का होतं, ते शकुबाईला ठाऊक होतं. लग्नानंतर काही वर्षांनी एका उन्हाळ्यात त्याचा डावा कान वाहिला होता. उशीच्या अभ्र्यावरचे डाग तिनं धुतले. तो म्हणाला होता, "घामाचे हायत." तीही म्हणाली होती, "हाव, घामाचेच." तेव्हापासून ती त्याच्या उजव्या हाताला चालायची, उजवीकडून जेवण वाढायची, बोलायचं असलं की उजवीकडं येऊन बोलायची. बाजारात कोणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं. पुंडलिकराव कापसाचा जुना दलाल. त्या जुन्या मंडळींचा सौदा उपरण्याखाली व्हायचा. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडानं चकार शब्द नाही. कान नसला तरी चालतं असा तो धंदा होता.

पण आता ते मौन रामसिंगच्या पोटावर यायला लागलं होतं. पुंडलिकराव ज्याला त्याला सांगायचा, रामसिंगच्या यंत्रात आवाज उभे राहत नाहीत. माणसं ऐकायची आणि आपले रेडिओ दुसरीकडं न्यायची. त्यात बाजारपेठेतल्या रेडिओच्या दुकानाचे मालक बबनराव एक दिवस मुंबईचा अँप्लिफायर घेऊन हजर झाले. चकचकीत, जडच्या जड.

"पुंडलिकराव, आवाजाला जागा पाह्यजे असन त मालही तसा पाह्यजे," ते म्हणाले. "घरी जोडलेल्या डब्यातून भजी तळल्याची चरचरच निंघन."

रामसिंग शांतपणे म्हणाला, "भजी तरी गरम हायत ना, शेठ?"

शकुबाई पदराआड हसली. तिच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. मागं एकदा झाडताना तिनं खिडकीकडची पेटी कपाटाच्या कोपऱ्यातून हातभर पुढं ओढली होती, तर बासरीवाला खिडकी सोडून पार बाहेरच्या तुळशीकडं सरकला होता, आणि पेटी तिथंच राहिली होती. यंत्र तेच, तबकडी तीच. मग जागा कोण देतं? यंत्र, पेटी, खोली, की ऐकणारा?

"दोन्ही लावून पाहा," ती म्हणाली. "पण कोणतं चालू हाय ते कोणाले दिसू नये."

पुंडलिकरावला ही गंमत आवडली. त्यानं आपलंच उपरणं काढलं. "मग बाजारच भरवू. कोणी तोंडानं बोलायचं नाही, नाही त एक बोलला का दुसरा मान हालवते. पहिलं चांगलं असन त एक बोट दाबा, दुसरं असन त दोन. फरक नसन त अख्खी मूठ."

दोन्ही अँप्लिफायर चादरीमागं गेले. तारा बदलायला रामसिंग चादरीमागं बसला. आवाजाची पातळी दोन्हीकडं सारखी करून घेतली.

आधी बबनराव बसले. सारंगी झाली, बासरी झाली, यंत्र बदललं, पुन्हा झाली. उपरण्याखाली त्यांनी पुंडलिकरावच्या हातावर ठसक्यात एक बोट दाबलं. चादर उचलली, तर पहिलं रामसिंगचं.

"आज करंट कमी हाय," बबनराव म्हणाले.

"करंट दोघाईले एकच हाय, शेठ," चादरीमागून उत्तर आलं.

बबनराव पान आणतो म्हणून बाहेर पडले.

मग शकुबाई. तिनं जीव कानात आणून ऐकलं. दुसऱ्या वेळी सारंगी जरा गोड वाटली का? वाटली असेलही. पण सारंगीवाला उंबऱ्यावरच होता आणि बासरीवाला तुळशीकडंच. कोणी बोटभरही हललं नव्हतं. तिनं नवऱ्याच्या हातात अख्खी मूठ दिली.

त्यानं मूठ धरून ठेवली. "तुले दोन्ही वेळी दोघंही दिसले?"

"दिसले."

"अलग अलग?"

"हाव. अलग अलग."

तिला वाटलं, आता सांगावं. रामसिंग चादरीमागं बसला आहे, त्याचं नाव खराब होत चाललं आहे. पण या माणसानं इतकी वर्षं जे उशीखाली दडवलं, ते दुसऱ्यासमोर उघडं कसं करायचं? ती उठली. पुंडलिकराव मधल्या खुर्चीत बसला. ती नेहमीसारखी त्याच्या उजव्या अंगाला बसली, आणि उपरण्याखाली त्यानं हात तिच्याच हातात दिला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यानंच तिला ही बोटांची भाषा शिकवली होती.

तबकडी फिरली. सारंगी दारातून आली, बासरी तुळशीकडून, आणि खोलीच्या मध्यावर दोघी एकमेकींत मिसळल्या. यंत्र बदललं. पुन्हा तसंच. त्याचे डोळे मिटलेले होते. मान हळूहळू डावीकडं वळत गेली, उजवा कान पुढं करत, आणि मध्येच थांबली.

तिच्या तळहातावर त्याची बोटं नुसती पडून होती. एक नाही, दोन नाही, मूठही नाही.

"काय म्हणता, दादा?" रामसिंगनं चादर बाजूला केली. त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता.

पुंडलिकरावनं उपरणं काढून मांडीवर घेतलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"रामसिंग, तुह्या यंत्रात खोट नाही. बबनरावलेही मी सांगतो, बाजारातही सांगतो." मग तो तिच्याकडं, आपल्या उजव्या हाताकडं वळला. "माहा डावा कान गेला हाय. कवाचाच. अन् तू कायले नेहमी या अंगाले बसते, थेही मले ठाऊक होतं."