एक नंबरचं बटण

सकाळचं नामस्मरण आटोपलं की काकू रक्तदाबाचं यंत्र पुढ्यात घेत. त्याला दोन बटणं. एक नंबर यजमानांचं, दोन नंबर काकूंचं. घेतलेलं माप परस्पर दवाखान्यात पोहोचायचं आणि आठवड्यातून एकदा सिस्टर मोबाईलच्या पडद्यावर येऊन दोघांची विचारपूस करायची.

यजमान गेले ते परगावी, लेकीकडे. दवाखान्यात कळवायचं राहिलं, की काकूंनीच राहू दिलं, देव जाणे. सकाळी त्या आपल्याच दंडाला पट्टा गुंडाळून एक नंबर दाबत, संध्याकाळी दोन. पट्टा आवळायचा तेव्हा वाटे, कुणीतरी दंड धरलाय.

"तुझा दाब माझ्यापायीच चढतो ना? मग घाल की माझ्या नावावर!" ते चिडवायचे. तसंच चाललं होतं.

"काकू, तुमची मापं छान आहेत," आज सिस्टर म्हणाली. "म्हणून तर गोळी अर्धी केली. मग चेहरा का उतरलाय?"

"सकाळी डोकं ठणकतं गं. काल भोवळ आली. भिंत धरली म्हणून निभावलं."

"आणि काकांचा दाब तर फारच चढलाय. बोलवा बघू त्यांना. दर वेळी आपले फिरायला गेलेले!"

काकूंनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. तिची उशी अजून मधोमध दबलेली होती. चढलेला आकडा खुर्चीतल्या माणसाचा नव्हता. खरं सांगावं, तर त्यांचं नाव यंत्रातूनही पुसलं जाणार. न सांगावं, तर पुढच्या भोवळीला हाताशी भिंत असेलच असं नाही.

"सकाळची मापं माझीच आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "हे गेले. केव्हाच."

"अहो काकू, मागच्या वेळी मी त्यांना नमस्कार सांगितला, तर तुम्ही 'सांगते' म्हणालात!"

"सांगितला मी."

डॉक्टरांनी लगेच फोन करून गोळी पुन्हा अख्खी केली. एक नंबरचं नाव काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी दोन नंबर दाबलं. "अहो, आजपासून माझा दाब माझ्याच नावावर हं," त्या पुटपुटल्या. पट्ट्याने दंड घट्ट धरला. मग त्यातली हवा सुटली. ते खुर्चीतून उठताना सोडायचे ना, अगदी तसा लांब उसासा.

काकूंनी मान वर केली नाही. आधी गोळी घेतली, अख्खी.