गोपिकाच्या दातावरची खाच

१९८४ साली नागपुरातल्या एका दातांच्या दवाखान्यात डॉक्टर ओमप्रकाश यांनी परदेशातून एक मोजकाठी मागवली. बोटाएवढी, स्टीलची.

दात सरळ करताना प्रत्येक दातावर धातूचा एक बारीक चौकोन चिकटवतात. त्याला ब्रॅकेट म्हणतात. सगळ्या ब्रॅकेटांतून एक तार ओवतात आणि ती दातांना ओढून रांगेत आणते. ब्रॅकेट केसभर वर बसलं, तर दात तेवढाच खाली उतरतो. म्हणून ही मोजकाठी. तिचं टोक दाताच्या कडेला टेकवायचं आणि बरोबर चार मिलिमीटरवर पेन्सिलीनं खूण करायची. नुसत्या नजरेनं खूण करणाऱ्यांना डॉक्टर ‘अंदाजपंचे मंडळी’ म्हणत.

ती आली त्या दिवशी खुर्चीत तेरा वर्षांची गोपिका होती. डॉक्टरांनी तिच्या वरच्या सहा दातांवर खुणा केल्या. तिचे वडील महादेवराव हातमागावर लुगडी विणत. ते वाकून पाहत होते.

“साहेब, ह्या एका दाताची खूण वर गेली.”

“मोजकाठी लावलीय मी.”

“लावली असन. पण वर हाय.”

डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. चार. तिसऱ्यांदाही चारच.

नर्स इंदुताईंनी दिवा जवळ घेतला. “सर, दाताच्या कडेला मधोमध खाच आहे. काठीचं टोक तिच्यात बसतंय. काहून पडली वं ही?”

“सुताची टोकं दातानंच तोडाची सवय हाय मले,” गोपिका म्हणाली.

“मग खूण अर्धा मिलिमीटर खाली घेऊ, सर.”

“म्हणजे साडेतीन? मग मोजकाठी कशाला आणली?” मग डॉक्टरांचा चेहरा उजळला. “सोपं आहे. बाकीच्या पाच दातांनाही तेवढीच खाच पाडू. सहाही खुणा एका रेषेत येतील, आणि सहाही चार.”

त्यांनी दात कोरायचं मशीन उचललं. गोपिकानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“तोंड उघड.”

“साहेब, चांगले दात हायेत ते,” महादेवराव म्हणाले.

“चांगले आहेत हो. एकसारखे नाहीत.”

“पाच पाडता, त्यापरीस एक बुजवा ना,” हाताआडून गोपिका म्हणाली. “मापापुरती. अन् मशीन तिकडं ठेवा आधी.”

इंदुताईंनी मशीन बाजूला नेलं, तेव्हाच तिनं तोंड उघडलं. त्यांनी कणभर मेण खाचेत दाबून कड सरळ केली. डॉक्टरांनी मोजकाठी टेकवली. चार. खूण शेजारच्या दातांच्या रेषेत आली.

“पाहिलंत? मोजकाठी चुकत नाही,” डॉक्टर महादेवरावांना म्हणाले.

“नाही जी.”

सहाही ब्रॅकेटं चिकटली. हात धुऊन डॉक्टरांनी लगेच एक कागद भिंतीला लावला: यापुढे मोजण्याआधी प्रत्येक रुग्णाच्या पुढच्या एका दाताला मेण लावावे.

बापलेक दाराशी पोचले, तोवर पुढचा रुग्ण खुर्चीत बसला होता. गोपिका वळून पाहत राहिली.

“बाबा, त्याच्या दाताले तर खाचच नाही. मेण काहून लावून राहिले?”

महादेवरावांनी तिचा हात धरला. “चाल वं. तुहे पाच वाचले.”