वन्संची कवळी

“बॅगेत काय आहे?” शहराच्या बसस्थानकावर रखवालदाराने विचारलं.

“दात.”

“कोणाचे?”

“अजून कोणाचेच नाहीत.”

त्याने डबा उघडला, आत ओळीने मांडलेले दात पाहिले आणि चावतील की काय अशा घाईने झाकण लावलं. मला गावच्या बसला सोडायला आलेल्या वन्सं पलीकडे पोट धरून हसत होत्या.

मी कवळ्या बनवते. आमच्या गावातले दोन दंतवैद्य मापं पाठवतात, मी मागच्या खोलीत साचे ओतते. दात आणि कवळीची पावडर आणायला दर दोन महिन्यांनी शहरात खेप व्हायची. मुक्काम वन्संकडे. यांची थोरली बहीण, एकटीच राहणारी. तीस वर्षं त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या.

खरेदी उरकली की त्या मला फर्निचरच्या एका बड्या दुकानात न्यायच्या. घ्यायला नव्हे, बसायला. “पाय दुखतात गं. आणि बसून बघायला काय जातं?” मग एकेका सोफ्यावर टेकून गंभीरपणे म्हणायच्या, “हा जरा कडक वाटतो, नाही?”

विक्रेता ओळखीचा झाला होता. “ताई, ठरलं का मग?”

“आधी भिंतीचा रंग ठरू दे.”

तो रंग सात वर्षं ठरत होता. एकदा मला मऊ कोचावर डुलकी लागली, तर वन्संनी त्याला दटावलं, “हळू बोला. ती तपासून बघतेय.”

तीन वर्षांपूर्वी त्यांचे उरलेसुरले दात काढावे लागले. मी म्हटलं, “कवळी माझ्याकडे लागली.” हिरड्या भरून आल्यावर त्यांच्याच स्वयंपाकघरात माप घेतलं, घरी येऊन साचा ओतला आणि फळीवर ठेवून दिला. दंतवैद्यांची कामं घाईची असायची. वन्सं काय, घरच्याच. दर खेपेला मी म्हणायचे, “पुढच्या वेळी नक्की.” आणि त्या म्हणायच्या, “सावकाश गं. माझं कुठं काय अडलंय?”

अडलं होतं. ज्या आवाजावर त्यांनी नोकरी केली, तो आता फोनवर कुणाला कळत नव्हता. पलीकडचा ‘काय? काय?’ करायला लागला की त्या रिसीव्हर माझ्या हातात द्यायच्या. सोफ्यावर बसून हसतानाही हात तोंडावर जायचा. हे सगळं मी बघत होते. बघून पावडर घेऊन गावी परतत होते.

यंदा त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, तेही गावी पत्र पाठवून. “वहिनी, आमच्या टेलिफोनच्या जुन्या लोकांच्या मेळाव्यात स्वागताचं बोलायला मला सांगितलंय. तोवर होईल का गं?”

मेळावा आठ दिवसांवर होता. नवं माप घ्यायला वेगळी खेप करावी लागली असती. मी फळीवरचा जुना साचा काढला, धूळ झटकली आणि त्यावरच कवळी केली. हिरड्या कालांतराने खाली बसतात, जुनं माप चालत नाही, हे मीच लोकांना सांगत असते.

आदल्या संध्याकाळी वन्संनी ती घातली. पहिल्याच शब्दाला खालची बाजू टक्कन वाजली.

“सैल आहे का, वन्सं?” मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

“छे! सवय नाही ना, म्हणून. होईल.”

सवय व्हावी म्हणून त्यांनी ती रात्रभर काढलीच नाही.

मेळाव्यात त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. एकेक शब्द मोजून टाकत होत्या. शब्दागणिक टक आवाज व्हायचा. इतरांना तो ऐकू आला नसेल, मला मात्र तेवढाच ऐकू येत होता. स्वागत चार वाक्यांत संपलं. टाळ्या खूप वाजल्या.

मग मैत्रिणींनी त्यांना गराडा घातला. “अगं, किती दिवसांनी आवाज ऐकला तुझा!”

वन्संनी मला दंडाला धरून पुढे ओढलं. “ही माझी वहिनी. हिनेच केली कवळी.”

“माझीही करून द्याल का हो?” एकीने विचारलं.

उत्तर वन्संनीच दिलं.

“देईल की! कामाचा रगाडा असतो तिला, जरा थांबावं लागतं. पण काम चोख.”

त्या सगळ्यांकडे बघून तोंडावर हात न नेता मोकळं हसल्या. मग ओठ टिपला आणि रुमालाची लाल झालेली बाजू आत घेऊन घडी घातली.